रुमालाखालचा दुसरा हात

एकदा एका नदीकाठच्या हळदीच्या पेठेत एक म्हातारा दलाल राहत होता. सारी पेठ त्याला आबा म्हणे. त्याचं खरं नाव बहुधा तोही विसरला असावा. धंदा सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. पण सौदा कसा करावा हे शिकायचं असलं की माणसं अजून त्याच्याच ओट्यावर येऊन बसत.

त्या पेठेत भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहत, दोघांच्या हातांवर एक रुमाल पडे, आणि त्याखाली विकणारा घेणाऱ्याची बोटं दाबून आपला भाव सांगे. घेणारा बोटं दाबूनच उत्तर देई. भोवती जत्रा लोटली असली तरी सौदा कितीला झाला हे त्या दोन हातांखेरीज कोणाला कळत नसे. मात्र भाव आधी विकणाऱ्यानं सांगायचा, ही पेठेची रीत होती आणि ती कोणी मोडत नसे.

ही बोटांची भाषा आबानं पुष्कळांना शिकवली. त्यांत रखमाजी सगळ्यांत तयारीचा. तो एका मोठ्या शेटच्या अडत दुकानात दलाल होता. शेतकरी माल आणून टाकत, रखमाजी तो व्यापाऱ्यांना विके आणि दर पोत्यामागं त्याला थोडी दस्तुरी, म्हणजे दलाली, मिळे. समोरचा व्यापारी कितीही मुरलेला असो, रखमाजी शेतकऱ्याच्या घामाचं मोल वसूल केल्याशिवाय रुमाल उचलू देत नसे. दुसऱ्याच्या हळदीसाठी असा भांडणारा हा माणूस स्वतःविषयी मात्र एक अक्षर बोलत नसे, आणि लोक त्याला त्याचा मोठेपणा समजत. खरं सांगायचं तर तोही तसंच समजत होता.

त्या वर्षी शेटचा जुना कारभारी काम सोडून गेला. सोडून गेला असं म्हणायची पद्धत होती. त्याला काढलं होतं, आणि का, ते पेठेत कोणी मोठ्यानं बोलत नसलं तरी ठाऊक सगळ्यांना होतं. पाडवा जवळ आला तसं शेटनं रखमाजीला गादीजवळ बोलावलं.

"रखमाजी, पाडव्यापासून कारभार तू बघायचास. वखार, पेवं, किल्ल्या, सगळं तुझ्या हाती. पगाराचं बोल. तुझी काय अपेक्षा आहे?"

रखमाजीला आभाळ ठेंगणं झालं. पण शेवटचा प्रश्न ऐकताच तो गांगरला. मान खाली घालून तो म्हणाला, "तुम्ही द्याल ते, शेट. म्या काय बोलायचं?"

शेटनं त्याच्याकडं जरा वेळ नुसतं पाहिलं. मग एक आकडा सांगितला. रखमाजीनं मान डोलावली. डोलावता डोलावताच त्याच्या ध्यानात आलं की कारभाऱ्याला दस्तुरी नसते. म्हणजे मान वाढणार, काम वाढणार आणि महिनाअखेर हातात पडणार पूर्वीपेक्षा कमीच. पण आता शब्द गेला होता.

मग शेट त्याला पेवं दाखवायला घेऊन गेला. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोरडं कोठार. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकतात. आत वाराही नाही आणि कीडही नाही. पण तेच पेव महिन्यांनी उघडलं की आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. कधी उघडायचं, किती वेळ तोंड मोकळं ठेवायचं, दिवा आत सोडून तो तेवतो की विझतो ते बघून मगच हमालाला उतरवायचं, हे सारं कारभाऱ्यानं ठरवायचं. शेट हे सांगत होता आणि रखमाजी हुं हुं करत होता. पण त्याची नजर पेवाच्या तोंडाशी सांडलेल्या हळदीवर गेली होती. भरताना उधळलेली, झाडून बाजूला ढिगानं ठेवलेली ती झाडण, चांगली टोपलीभर होती. त्याच्या मनात आलं, 'ही काय, कुणाच्याच खिजगणतीत नाही.' विचार आला तसा गेला, आणि त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

घरी बायकोला, भागूला, त्यानं बातमी सांगितली. तिनं देवापुढं साखर ठेवली. मग पगार विचारला. ऐकून ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "अवो, मान थोरला झाला ते बरंच झालं. पर मान काय तव्यावर भाजता येत न्हाई." आणि भाकरी थापायला बसली. ती भांडली असती तर रखमाजीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तो पेढे घेऊन आबाकडं गेला. आबा ओट्यावर डाळ निवडत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पेढा हातात घेतला आणि विचारलं, "मागितलास किती?"

"मागायचं कसं, आबा? ज्यानं एवढा मान दिला त्याच्यापुढं पैशाची गोष्ट काढायची? हावरट म्हनल मला. न मागता मिळतं त्योच खरा परसाद." हे वाक्य त्यानं कुठल्याशा कीर्तनात ऐकलं होतं आणि त्याला ते फार आवडलं होतं.

आबानं पेढा खाल्ला नाही. तो उठला, पेढा कोनाड्यात ठेवला, वर वाटी पालथी घातली आणि परत येऊन बसला.

"उद्या बाजार हाय," तो म्हणाला. "माझ्या वाट्याच्या जमिनीच्या तुकड्यातली हळद इकायची हाय. तूच इक."

"इकतो की! पेठंतला वरचा भाव आणून देतो, बघा तुम्ही."

"भाव तू सांगायचाच न्हाईस. रुमाल पडला की मूठ मिटून ठिवायची. समोरचा आपणहून जो पैला भाव दील, त्याला माल द्यायचा. कमी म्हनायचं न्हाई, जास्त म्हनायचं न्हाई."

रखमाजी बघतच राहिला. आबाची वर्षाची बेगमी त्या हळदीवर होती. म्हातारपणी माणसाची बुद्धी फिरते म्हणतात, तसं तर झालं नसेल? पण ज्यानं बोटं धरून शिकवलं त्याला उलट प्रश्न विचारायची त्याला सवय नव्हती. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजारात आबाची हळद उघडली. हळकुंडं अशी वाळलेली की एकमेकांवर आपटली तर टणक वाजत होती. मोडून पाहिलं तर आत केशरासारखा रंग. पहिला आला तो वरच्या मुलखातला जुना व्यापारी. त्यानं हळकुंड मोडलं, हुंगलं आणि खूश होऊन हात पुढं केला. रुमाल पडला. त्याची बोटं उघडी होती, वाट पाहत होती. रखमाजीची मूठ मिटलेली. व्यापाऱ्यानं बोटानं त्या मुठीवर टकटक केलं. मूठ उघडली नाही.

व्यापाऱ्यानं हात काढून घेतला. "माल भिजलाय का रे?"

"न्हाई, मालक."

"मग शिजवताना कच्चा राहिलाय?"

"न्हाई हो!"

"तर मग भाव का सांगत नाहीस?"

रखमाजी अटीनं बांधलेला. काय सांगणार? व्यापारी डोकं हलवत पुढं गेला. दुसऱ्यानंही तसंच केलं, आणि बाजारात शंका हळदीपेक्षा लवकर रंग देते. जो तो लांबूनच त्या पोत्यांकडं बघू लागला. "झाकली मूठ सव्वा लाखाची रं, रखमाजी!" असं कोणीतरी हमालांतून ओरडलं आणि सगळे हसले. शेवटी एक नवखा पण चलाख व्यापारी आला. त्यानं ती मिटलेली मूठ आपल्याच हातानं उलगडली आणि असा भाव दाबला की जो तुटक्याफुटक्या मालालाही कोणी सांगत नाही. रखमाजीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण अट ती अट. सोन्यासारखी हळद मातीमोल गेली.

दिवस कलताना तो आबाच्या ओट्यावर येऊन धपकन बसला. आणलेले पैसे त्यानं आबापुढं ठेवले, पण त्यांच्याकडं त्याला बघवेना.

"लुटलं, आबा! दिवसाढवळ्या लुटलं त्या माणसानं."

"त्यानं काय केलं?"

"काय केलं म्हंजे? असला भाव दिला! काय लाज हाय का न्हाई?"

"रुमालाखाली हात कुणी घातला हुता?"

"त्यानं."

"बोटं कुणाची उघडी हुती?"

"त्याचीच," रखमाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा उतरला.

"मंग लुटायला त्यानं तुझी मूठ दाबून धरली हुती का? त्यानं त्याचा हात उघडला. तुझा हात तूच मिटलास. दुपारपास्नं किती शिव्या घातल्यास त्याला?"

"लई."

"आन् मला?"

रखमाजी डाळीत हात घालून खडे शोधू लागला. आबा हसला. "घातल्यास की! घालणारच. त्यात नवल न्हाई." मग त्याचं हसू मावळलं. निवडायची डाळ बाजूला सारून तो बोलू लागला.

"ऐक, लेका. सौद्याला दोन हात लागतात. एकच हात असला की त्याला सौदा म्हनत न्हाईत. मूठ मिटून बसलास तवा तुला वाटलं, आपण लई सोशीक, लई थोर. लोकांना काय वाटलं? माल किडका हाय. ज्याला आपल्या मालाचा भाव सांगता येत न्हाई, त्याच्या मालात खोट असणार, असंच माणूस धरून चालतो. ही झाली एक गोष्ट. पर दुसरी हिच्यापरीस वाईट. त्या माणसाचा काडीचा अपराध न्हाई, आन् तू मनात त्याला चोर ठरवून बसलास. त्याला ठाऊकबी न्हाई की त्यो तुझा देणेकरी झालाय. शेटचं तेच व्हनार. 'द्याल ते' म्हनालास, पर मनात तुझा आकडा हुताच. त्यो तू सांगितला न्हाईस, शेटनं ओळखावा असं धरून बसलास. आता रोज सकाळी किल्ल्या उचलशील आन् मनात म्हनशील, यानं मला फसवलं. ज्याच्यावर आपला असा छुपा राग असतो त्याची चाकरी इमानानं व्हत न्हाई. तू कितीबी सज्जन असलास तरी."

 रखमाजी दबक्या आवाजात म्हणाला, "आबा, काल पेवापाशी झाडण बघितली म्या. टोपलीभर हळद. मनात आलं, ही कुणाच्या खिजगणतीत न्हाई."

आबाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते रखमाजीनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारा घाबरला होता.

"इतक्यात? आजून किल्ली हातात पडली न्हाई, तवर?" त्यानं रखमाजीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "त्यो जुना कारभारी चोर म्हनून आला न्हवता रं. तुझ्यावानीच आला हुता. कदी काही मागितलं न्हाई त्यानं. समदे म्हनायचे, काय माणूस हाय! त्यानं पैल्यांदा काय उचललं ठाऊक हाय? जाताना त्यानंच मला सांगितलं. झाडण. मनाशी म्हनाला, मला मिळायला पायजे त्यापरीस हे कमीच हाय. मंग मूठभर ह्या पोत्यातनं, मूठभर त्या पोत्यातनं. त्याच्या हिशेबानं त्यो शेवटपत्तूर चोर न्हवताच. आपली बाकी वसूल करत हुता."

रखमाजीला तो कारभारी आठवला. त्या कारभाऱ्याला त्यानं शेवटचं पाहिलं होतं ते दुकानाच्या पायऱ्या उतरताना. मान खाली, आणि पेठेतल्या ज्या माणसांनी वर्षानुवर्षं रामराम घातला ती तोंड फिरवून उभी. आपल्या हातात एवढंच होतं, आपलं नाव. आणि तेच आपण पणाला लावून आलो, हे आता त्याला लख्ख दिसलं.

"मंग मी काय करू, आबा?"

"जा आन् हात उघड. पर घरात काय कमी हाय ते सांगू नगस. गरज सांगितली की ती भीक हुती. कामाचं वजन सांगितलं की त्यो भाव हुतो. तू तुझा भाव सांग, त्यो त्याचा सांगंल. न्हाई म्हनायचा हक त्यालाबी हाय, तुलाबी हाय. त्याचा राग धरू नगस."

उठताना रखमाजीनं विचारलं, "आन् तुमची हळद, आबा? म्या भरून दीन."

"ती गेली. शिकवणी फुकट नसती. एवढ्या बारीला ती पंतोजीनं भरली, एवढंच." आणि म्हातारा पुन्हा डाळ निवडू लागला.

सकाळी दुकान उघडताच रखमाजी गादीपाशी जाऊन उभा राहिला.

"शेट, परवा मी तुमच्याशी खोटं बोललो."

शेटचा चेहरा बदलला. एकदा दुधानं त्याचं तोंड पोळलेलं होतं. "काय खोटं बोललास?"

"'तुम्ही द्याल ते' म्हनालो, त्ये खोटं हुतं. माझ्या मनात येगळं हुतं."

"शब्द झाला होता, रखमाजी."

"व्हय. तुमचा झाला हुता. माझा हात मिटलेला हुता."

मग तो बोलला. पेव उघडताना माणसाचा जीव आपल्या शब्दावर खाली उतरणार, हे सांगितलं. हंगामात रात्रंदिवस वखारीत राहावं लागणार, पेठेतल्या एकूण एक शेतकऱ्याचा माल आपल्या भरवशावर पडून असणार, हे सांगितलं. घरच्या अडचणीचा उच्चार केला नाही. बोलताना आवाज कापत होता. दुसऱ्याच्या हळदीसाठी तो इतकी वर्षं बोलला होता, पण तेव्हा कधी असा कापला नव्हता.

शेटनं सगळं ऐकलं आणि थंडपणे विचारलं, "आणि मी नाही म्हटलं तर?"

हा प्रश्न येणार हे रखमाजीला ठाऊक होतं. 

"तर मी दलालच ऱ्हाईन, शेट. खुशीनं ऱ्हाईन. त्या कामाचा भाव मला पटलेला हाय. पर मनात कुढत तुमच्या किल्ल्या मी सांभाळनार न्हाई."

 दुकानातला हमाल पाठीवरचं पोतं तसंच घेऊन थांबला होता. शेटनं खांद्यावरचा रुमाल काढला, हात पुढं केला आणि त्यावर रुमाल टाकला.

 रखमाजीनं मूठ उघडली. त्यानं शेटची बोटं दाबली. शेटनं भुवया उंचावल्या आणि उलट दाबली. रखमाजीनं मान हलवली, पुन्हा दाबली. थोडा वेळ असं चाललं. मग दोन्ही हात एकदम थांबले. कितीवर थांबले ते पेठेत कोणाला कळलं नाही, आणि रीतीप्रमाणं आपणही विचारू नये. एवढं खरं की रखमाजीनं सांगितलं होतं त्यापेक्षा ते कमी होतं, आणि तरीही त्याच्या मनात शेटविषयी किल्मिष उरलं नव्हतं.

रुमाल उचलला, पण शेटनं त्याचा हात सोडला नाही.

"परवा तुझ्या तोंडून 'द्याल ते' ऐकलं आणि मला धस्स झालं," तो म्हणाला. "जुना कारभारीही हेच म्हणायचा. दर पाडव्याला मी विचारायचो आणि दर पाडव्याला तो म्हणायचा, द्याल ते. मी त्याला समाधानी समजत होतो."

"मंग परवा तुम्ही काई बोलला का न्हाई, शेट?"

शेटनं रुमाल खांद्यावर टाकला. "कारण मला माणूस स्वस्तात मिळाला होता. त्याचा आनंद झाला होता मला. तेव्हाही असाच झाला होता." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यानं लपवले नाहीत. "त्यानं एकदा जरी हात उघडला असता रे, तर आज तो इथं बसलेला असता."

पाडव्याला रखमाजीनं किल्ल्या घेतल्या. पहिलं काम त्यानं केलं ते पेवाच्या तोंडाशी पडलेली झाडण पाखडून, तोलून शेटच्या राशीत टाकायचं. मग तो आबाकडं गेला. आबानं कोनाड्यातली वाटी उचलली. पेढा कडक झाला होता. म्हाताऱ्यानं तो दातांखाली मोडला आणि अर्धा रखमाजीला दिला.

रखमाजीनं पुढं कित्येक वर्षं कारभार पाहिला. दर पाडव्याला तो हाताखालच्या एकेका माणसाला बोलावी, दोघांच्या हातांवर रुमाल टाकी आणि वाट पाही. बहुतेक जण लाजत, अडखळत का होईना, बोटं दाबत. जो मूठ मिटून "द्याल ते, कारभारी" म्हणे, त्याला तो रागवत नसे. रुमाल तसाच हातांवर ठेवून म्हणे, "बस निवांत. दुसरा हात येस्तवर मीबी उठत न्हाई."